खतावणी, खिडकी आणि प्रश्नावली : भारतीय बँकांतील ग्राहकसेवा व संगणकीकरण यांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखांतील प्रबंधांच्या याद्या चाळल्या तर एक विषय पुन्हापुन्हा आढळतो : बँकांच्या सेवेची गुणवत्ता. या प्रबंधांची मांडणी आता ठरून गेली आहे. दुसऱ्या प्रकरणात 'सर्व्हक्वाल' या मापनपट्टीचा परिचय असतो. तिसऱ्यात शंभर-दोनशे खातेदारांचा नमुना सोयीनुसार निवडला जातो. चौथ्यात अपेक्षा व अनुभव यांतील तफावत कोष्टकांतून मांडली जाते आणि पाचव्यात, संगणकीकरणामुळे ग्राहकसेवा सुधारली, असा निर्वाळा दिला जातो. या साऱ्यात भारतीय बँकांचा स्वतःचा इतिहास बहुधा दोन परिच्छेदांत, राष्ट्रीयीकरणाच्या तारखांसह आटोपलेला असतो.

वस्तुतः भारतीय बँकांतील ग्राहकसेवेची पद्धतशीर चौकशी या मापनपट्टीच्या मूळ संकल्पनेपेक्षा दहा वर्षांनी जुनी आहे आणि संगणकाविषयीचा वाद त्याहूनही जुना आहे. या दोन चौकशा मात्र स्वतंत्रपणे झाल्या. सेवेच्या समित्या वेगळ्या होत्या, यंत्रांच्या समित्या वेगळ्या होत्या आणि त्यांची भाषाही वेगळी होती. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा मागोवा घेऊन विद्यापीठीय संशोधन त्यांच्याशी कसे जोडले गेले, किंवा कसे जोडले गेले नाही, याचा विचार केला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, भारतीय समित्यांनी सेवा वेळ आणि रुपये यांत मोजली होती. विद्यापीठीय संशोधनाने ती ग्राहकाच्या मनातील प्रतिमेत मोजली. दुसरे मोजमाप स्वीकारताना पहिले विस्मरणात गेले आणि त्याची किंमत संशोधनाला मोजावी लागली.

यंत्र आणि रोजगार

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळाची स्थापना झाली. साठच्या दशकात महामंडळाने संगणक आणण्याचे ठरविले तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यास कडवा विरोध केला. कलकत्त्यात, संगणक ज्या इमारतीत बसवावयाचा होता त्या इलॅको हाउसभोवती कर्मचाऱ्यांनी पहारा दिला. बँकांतही हाच काळ अस्वस्थतेचा होता. ऑक्टोबर १९६६मध्ये बँक व्यवस्थापने व संघटना यांच्यातील पहिला द्विपक्षीय करार झाला आणि तेव्हापासून यंत्र हा वेतन व सेवाशर्ती यांच्याबरोबरीने वाटाघाटीचा विषय राहिला.

केंद्र शासनाने १९६९मध्ये स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे तत्कालीन संचालक प्रा. वि. म. दांडेकर होते. समितीचा अहवाल १९७२मध्ये प्रसिद्ध झाला. याच सुमारास, १९७१मध्ये, दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध होऊन गाजत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळात या प्रश्नाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले जात होते याची कल्पना येते. बेरोजगारी वाढत असलेल्या देशात माणसाच्या हातचे काम यंत्राला का द्यावे, हा तो प्रश्न होता. त्यात दोनच पक्ष होते, मालक आणि कामगार. खिडकीसमोर उभा असलेला तिसरा माणूस या वादात पक्षकार नव्हता.

या विरोधाला पुढे 'प्रगतीविरोधी' ठरविण्याची रीत पडली. ती न्याय्य वाटत नाही. २०००-०१मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबविली आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी सेवेतून बाहेर पडले. त्यामागे केवळ संगणक हेच कारण नव्हते, हे खरे. तरीही १९६६च्या भीतीला अगदीच आधार नव्हता, असे यानंतर म्हणता येत नाही.

मराठीत 'सेवा' हा शब्द नोकरीसाठीही वापरला जातो आणि ग्राहकाला जे मिळते त्यासाठीही. करारांतील 'सेवाशर्ती' आणि अहवालांतील 'ग्राहकसेवा' यांत शब्द एकच आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत शासनदरबारी पहिल्या अर्थाच्या सेवेविषयी जितकी चर्चा झाली, तितकी दुसऱ्या अर्थाच्या सेवेविषयी झाली नाही.

खिडकीसमोरचा वेळ

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,००० शाखा होत्या. १९९१पर्यंत ही संख्या ६०,०००च्या वर गेली. खातेदारांची संख्या वाढली, व्यवहारांचे आकारमान लहान झाले आणि काम करण्याची रीत मात्र जुनीच राहिली. बचत खात्यातून पैसे काढण्याची प्रक्रिया येथे थोडी तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण पुढील सर्व समित्या याच प्रक्रियेभोवती फिरल्या आहेत.

खातेदार पासबुक व पैसे काढण्याची चिठ्ठी खिडकीत देई. लिपिक त्याला पितळी टोकन देई, जाडजूड खतावणीत त्याचे पान शोधून रक्कम नावे टाकी आणि नवी शिल्लक काढी. खतावणी व चिठ्ठी अधिकाऱ्याच्या टेबलावर जाई. अधिकारी नमुना स्वाक्षरीच्या कार्डाशी सही ताडून पाही आणि चिठ्ठी मंजूर करी. ती रोखपालाकडे पोहोचल्यावर टोकनचा क्रमांक पुकारला जाई. एका ग्राहकासाठी तीन टेबले आणि दोन वह्या लागत. यांपैकी एखादा कर्मचारी चहाला गेला असेल किंवा खतावणी दुसऱ्याच्या हाती असेल तर सारी साखळी थांबे. ग्राहकाला हा विलंब दिसे, त्याचे कारण दिसत नसे.

शासनाने १९७५मध्ये बँकांतील ग्राहकसेवेविषयी एक कार्यगट नेमला. स्टेट बँकेचे तत्कालीन अध्यक्ष आर. के. तळवार हे त्याचे अध्यक्ष होते. १९७७मध्ये पूर्ण झालेल्या या कामातून शंभराहून अधिक शिफारशी पुढे आल्या. सप्टेंबर १९९०मध्ये रिझर्व्ह बँकेने एम. एन. गोईपोरिया यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली आणि तिने डिसेंबर १९९१मध्ये अहवाल दिला. गोईपोरिया हेही स्टेट बँकेचे अध्यक्ष होते. म्हणजे सेवेची चौकशी सेवा देणाऱ्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या प्रमुखांकडेच दोन वेळा सोपविली गेली. यावर आक्षेप घेता येईल. परंतु शाखेतील कामाचा तपशील त्यांना आतून ठाऊक होता आणि त्याचा ठसा शिफारशींवर दिसतो.

गोईपोरिया समितीच्या शिफारशी वाचताना त्यांचा रोखठोकपणा जाणवतो. कर्मचाऱ्यांचे कामाचे तास व्यवहाराच्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी सुरू व्हावेत. प्रत्येक व्यवहारास किती वेळ लागावा याचा फलक शाखेत लावावा. बाहेरगावच्या धनादेशांची रक्कम तत्काळ जमा करण्याची मर्यादा २,५०० रुपयांवरून ५,००० रुपये करावी. धनादेशाच्या वसुलीस विलंब झाल्यास ग्राहकाला व्याज द्यावे. येथे सेवा म्हणजे ग्राहकाला काय वाटले हे नव्हे. मिनिटे, रक्कम आणि विलंबाचे व्याज यांत ती मोजलेली आहे. ग्राहक समाधानी असो वा नसो, फलकावर लिहिलेल्या वेळेत त्याचे काम झाले की नाही, हे घड्याळ सांगू शकते. या मोजमापामागे हक्काची कल्पना आहे.

अहवालाचे दुर्दैव असे की, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर १९९१मध्ये, वित्तीय व्यवस्थेविषयीच्या नरसिंहम समितीचा अहवाल आला होता. भांडवल पर्याप्तता, अनुत्पादक कर्जे व व्याजदरांचे विनियंत्रण हे विषय पुढे आले आणि खिडकीसमोरची पंधरा मिनिटे मागे पडली. १९९५च्या बँकिंग लोकपाल योजनेने तक्रारीला जागा दिली. परंतु तक्रार नोंदविणे आणि व्यवहार वेळेत होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

संगणक, पण त्या नावाने नव्हे

यंत्रांचा प्रवाह या सर्व काळात शेजारून वाहत होता. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन उपगव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली १९८३मध्ये बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९८४मध्ये आला. दरम्यान, सप्टेंबर १९८३मध्ये संघटनांशी करार झाला. या करारातून शाखांमध्ये जे यंत्र आले त्याचे नाव 'अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे होते. अंतर्यामी हा वैयक्तिक संगणकच होता, पण तसे म्हणायचे नव्हते. खतावणीत नोंद करणारे प्रगत यंत्र, एवढीच त्याची कबुली. ते चालविणाऱ्यास विशेष भत्ता मिळे. नावातच यंत्राचे प्रयोजन आहे. ज्या वस्तूची जागा त्याने घेतली ती वस्तू म्हणजे खतावणी, आणि खतावणी बँकेची असते.

ग्राहकसेवा सुधारणे हे रंगराजन समितीने सांगितलेल्या उद्दिष्टांपैकी एक होते, हे नोंदविणे आवश्यक आहे. परंतु अंमलबजावणीचा तपशील ज्या करारांनी ठरविला, त्यांत किती यंत्रे, कोणत्या शाखांत, भत्ता किती, पदांचे काय, हे प्रश्न होते. शाखा निवडताना दैनंदिन व्हाउचरांची संख्या पाहिली जाई. व्हाउचर हा कामाच्या भाराचा घटक आहे. त्यावरून शाखेत कोण किती वेळ उभे राहिले हे कळत नाही. १९८९च्या दुसऱ्या रंगराजन समितीने शाखांच्या संपूर्ण संगणकीकरणाचा मार्ग पुढे नेला, तेव्हाही खतावण्यांचा मेळ, व्याजाची आकारणी व आंतरशाखा व्यवहारांची थकलेली जुळणी ही बँकांची निकड होती. या निकडीला कमी लेखण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे न जुळलेल्या आंतरशाखा नोंदींच्या आडोशाने गैरव्यवहार होऊ शकत होते. पण ही निकड बँकेची होती.

याच सुमारास शहरी ग्राहकाला वेगळे चित्र दिसू लागले. १९८७मध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेने मुंबईत एटीएम बसविले. महानगरांत धनादेशांच्या समाशोधनासाठी चुंबकीय शाईची अक्षरे वाचणारी यंत्रे आली. १९९४-९५पासून सुरू झालेल्या नव्या खाजगी बँकांना जुन्या खतावण्या नव्हत्याच. त्यांनी आरंभापासून केंद्रीय संगणकावर खाती उघडली. येथून पुढे 'चांगली सेवा' आणि 'संगणक' हे शब्द लोकांच्या बोलण्यात एकत्र येऊ लागले. हे समीकरण नव्या बँकांच्या बाबतीत बरेचसे खरे होते. जुन्या बँकांच्या शाखेत संगणक आल्यानंतरही टोकन, टेबल आणि सही यांचा क्रम लगेच बदलला नाही.

सत्तर टक्के कशाचे?

सार्वजनिक बँकांच्या संगणकीकरणाला अखेरचा जोराचा धक्का कोणी दिला, हे पाहणे उद्बोधक आहे. तो ग्राहकसेवेच्या समितीने दिला नाही आणि यंत्रांच्या समितीनेही दिला नाही. १९९२च्या रोखे घोटाळ्याची छाया बँकिंगवर असतानाच्या त्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय दक्षता आयोगाने आदेश दिला की, १ जानेवारी २००१पर्यंत बँकांनी आपल्या ७० टक्के व्यवसायाचे संगणकीकरण करावे. हेतू भ्रष्टाचार व अफरातफर रोखण्याचा होता आणि हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र टक्केवारी व्यवसायाची होती, शाखांची नव्हती आणि ग्राहकांचीही नव्हती. बँकांचा व्यवसाय मोठ्या शहरांतील थोड्या शाखांत एकवटलेला असतो. त्यामुळे तुलनेने थोड्या शाखा संगणकीकृत करून ७० टक्क्यांचे लक्ष्य गाठता येणे शक्य होते आणि तालुक्याच्या गावची शाखा खतावणीवरच राहू शकत होती. कोष्टकात लक्ष्य पूर्ण होई, खातेदारांच्या मोठ्या संख्येपुढे काहीच बदललेले नसे. सर्व शाखा एका केंद्रीय प्रणालीला जोडण्याचे काम त्यानंतरच्या दशकात झाले. स्टेट बँकेसारख्या प्रचंड विस्ताराच्या बँकेत ते २००८पर्यंत चालले. मार्च २००४मध्ये आरटीजीएस व नोव्हेंबर २००५मध्ये एनईएफटी सुरू झाले, तेव्हा बाहेरगावचा धनादेश आणि त्याच्या वसुलीचा विलंब हे गोईपोरिया समितीचे जुने दुखणे यंत्राने खरोखर दूर करण्याची शक्यता निर्माण झाली.

बावीस विधाने

विद्यापीठांत या विषयाचा प्रवेश झाला तो अमेरिकी नियतकालिकांतून. ए. परासुरामन, व्हॅलरी झाइथमल आणि लिओनार्ड बेरी यांनी १९८५मध्ये 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये सेवा गुणवत्तेचे प्रतिमान मांडले. बँक, क्रेडिट कार्ड, रोखे दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती या चार क्षेत्रांतील ग्राहकांच्या बारा गटचर्चा व त्या क्षेत्रांतील कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती हा त्याचा आधार होता. १९८८मध्ये 'जर्नल ऑफ रिटेलिंग'मध्ये मापनपट्टी आली. आरंभीच्या ९७ विधानांमधून गाळून २२ विधाने आणि पाच परिमाणे उरली : मूर्त घटक, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि समानुभूती. पहिल्या टप्प्यातील २०० उत्तरदाते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील एका महानगरातील मॉलमध्ये निवडलेले होते. परासुरामन यांचे आरंभीचे उच्च शिक्षण भारतात झाले होते, परंतु पट्टीचा जन्म भारतीय शाखेतला नाही.

या बावीस विधानांत माहिती प्रणाली कोठे आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर बोलके मिळते. अद्ययावत साधनांविषयीचे विधान मूर्त घटकांत येते, म्हणजे इमारतीची सजावट आणि कर्मचाऱ्यांचा पोशाख यांच्या पंक्तीला. तेथे संगणक दिसण्याची वस्तू आहे. अचूक नोंदी ठेवण्याविषयीचे विधान मात्र विश्वासार्हतेत येते आणि तेथे संगणकाचे नावही नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. त्याला पडदा दिसतो, त्यामागची नोंद दिसत नाही. परंतु जो संशोधक संगणकीकरणाचा सेवेवर झालेला परिणाम मोजू पाहतो, त्याच्या हाती ही पट्टी दिली तर तो मूर्त घटकांचे वाढलेले गुण पाहून परिणाम झाल्याचे लिहितो. नवे फर्निचर, वातानुकूलन आणि पडदे यांचे ते गुण असू शकतात.

पट्टीवर टीकाही लवकरच सुरू झाली. क्रोनिन व टेलर यांनी १९९२मध्ये, अपेक्षा वजा करण्याची गरज नाही, केवळ अनुभवलेली कामगिरी मोजावी, असे प्रतिपादन केले. टीज यांनी १९९३मध्ये 'अपेक्षा' या संज्ञेचा अर्थच निश्चित नसल्याचे दाखविले. भारतात आयआयटी मद्रासमधील सुरेशचंदर, राजेंद्रन आणि अनंतरामन यांनी २००२च्या सुमारास भारतीय बँकांसाठी ४१ विधानांची पट्टी तयार केली. सेवेचा गाभा, मानवी घटक, सेवा पोहोचविण्याच्या प्रक्रियेची सुव्यवस्था, मूर्त घटक आणि सामाजिक उत्तरदायित्व ही तिची पाच परिमाणे होत. प्रक्रिया हा स्वतंत्र घटक मानल्यामुळे तीन टेबलांची साखळी येथे प्रथमच मापनाच्या कक्षेत आली. सामाजिक उत्तरदायित्व हा घटकही राष्ट्रीयीकरणाच्या इतिहासाशी सुसंगत होता. या कामाचा उल्लेख भारतीय प्रबंधांत होतो. तरी प्रश्नावली जोडताना हात पुन्हा त्याच बावीस विधानांकडे जातो.

उपयोगकर्ता कोण?

माहिती प्रणालीच्या अभ्यासकांचा रस्ता निराळा होता. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली'मध्ये, यंत्र उपयुक्त वाटणे व सोपे वाटणे या दोन धारणांवर त्याचा स्वीकार अवलंबून असतो, असे दाखविले. त्यांच्या पहिल्या पाहणीतील ११२ उत्तरदाते आयबीएमच्या टोरांटो येथील प्रयोगशाळेतील होते. दुसऱ्या पाहणीत व्यवस्थापनाचे ४० विद्यार्थी होते. डिलोन व मॅकलीन यांनी १९९२मध्ये माहिती प्रणालीच्या यशाचे सहा घटक सांगितले. प्रणालीची गुणवत्ता, माहितीची गुणवत्ता, वापर, उपयोगकर्त्याचे समाधान, व्यक्तीवरील परिणाम आणि संघटनेवरील परिणाम हे ते घटक. सेवा हा शब्द या यादीत नव्हता.

१९९५मध्ये पिट, वॉटसन आणि कॅव्हन यांनी 'एमआयएस क्वार्टर्ली'मध्ये सर्व्हक्वालची पट्टी माहिती प्रणाली विभागाला लावून पाहिली. दोन विद्याशाखांची भेट झाली ती येथे. डिलोन व मॅकलीन यांनी २००३मध्ये आपले प्रतिमान सुधारताना सेवा गुणवत्ता हा घटक त्यात सामावून घेतला. भारतीय प्रबंधांत या घटनेचा उल्लेख 'सेवा गुणवत्ता व माहिती प्रणाली यांचा समन्वय' असा केला जातो. परंतु येथे सेवा कोण कोणाला देतो? १९९५च्या अभ्यासात संघटनेचा संगणक विभाग त्याच संघटनेतील कर्मचाऱ्यांना सेवा देतो. उपयोगकर्ता म्हणजे लेखा विभागातील माणूस, खिडकीबाहेरचा खातेदार नव्हे.

बँकेच्या शाखेत ही संदिग्धता विशेष त्रासदायक ठरते. लिपिकाच्या दृष्टीने उत्तम असलेली प्रणाली ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम असेलच असे नाही. १९८३चे यंत्र लिपिकाची बेरीज वाचवी. महिनाअखेरचा मेळ, जो न जुळल्यास रात्री उशिरापर्यंत थांबावे लागे, तो सुकर करी. त्याचे समाधान खरे होते आणि ते मोजलेही जाऊ शकले असते. ग्राहकाचे टोकन मात्र त्याच क्रमाने पुकारले जाई. पुढे एटीएम आणि इंटरनेट बँकिंग आल्यावर खातेदार स्वतःच यंत्राचा उपयोगकर्ता झाला. पूर्वी लिपिक करीत असलेले काम आता तो करू लागला आणि ते काम करताना झालेल्या चुकीची जबाबदारीही अंशतः त्याच्याकडे आली. एटीएमवर उभा असलेला माणूस एकाच वेळी ग्राहक आणि बिनपगारी लिपिक असतो. त्याला टोरांटोच्या प्रयोगशाळेसाठी घडविलेली 'हे वापरणे मला सोपे वाटते' या धर्तीची विधाने दिली तर तो उत्तर देईल. पण त्याने लिपिक म्हणून दिले की ग्राहक म्हणून, हे कळणार नाही.

अपेक्षा या शब्दाची अडचण

प्रश्नावली मराठीत उतरविताना आणखी एक पेच पडतो आणि तो केवळ भाषांतराचा नाही. तफावत म्हणजे अनुभव वजा अपेक्षा. मराठीत 'अपेक्षा' म्हणजे जे होईल असे वाटते तेही आणि जे व्हावे असे वाटते तेही. सर्व्हक्वालच्या कर्त्यांना हा पेच इंग्रजीतही पडला होता. १९९१च्या सुधारित पट्टीत त्यांनी 'असावे' या धाटणीची विधाने बदलून उत्कृष्ट संस्था काय करील, असे विचारले. मराठी प्रश्नावलीत हा भेद स्पष्ट न केल्यास उत्तरदाता आपल्या अनुभवानुसार अर्थ लावतो. वर्षानुवर्षे 'उद्या या' ऐकलेला खातेदार 'आमची काही अपेक्षा नाही' असे म्हणतो, तेव्हा त्यात सौजन्य असते, थकवा असतो आणि थोडी खंतही असते. पट्टीवर मात्र तो २ या अंकावर खूण करतो. अनुभवाला ३ गुण दिले की तफावत धन होते आणि शाखा उत्तम ठरते. शहरातील नव्या बँकेचा चोखंदळ ग्राहक अपेक्षेला ७ आणि अनुभवाला ६ गुण देतो; त्याची बँक उणी ठरते.

ही गणिताची चूक नाही. पट्टी जे मोजण्यासाठी केली आहे तेच ती मोजते. चूक होते ती निष्कर्षाच्या जागी, जेव्हा कमी अपेक्षेतून आलेली अनुकूल तफावत हा सेवेच्या दर्जाचा पुरावा म्हणून मांडली जाते. ज्या शाखेत फलक नाही, वेळेची हमी नाही आणि विलंबाचे व्याज मागण्याची सवय नाही, तेथे अपेक्षा कमी असणारच. हक्क ठाऊक नसणे हेच तेथे समाधानाचे कारण असू शकते. गोईपोरिया समितीचे घड्याळ या बाबतीत फसत नाही. चाळीस मिनिटे ही अपेक्षा कमी असलेल्या माणसासाठीही चाळीस मिनिटेच असतात.

भरपाईचा घटक

१९८८च्या बावीस विधानांत नुकसानभरपाईविषयी एकही विधान नाही. ग्राहकाची अडचण आल्यास संस्थेने आस्था दाखवावी, येथवर ती पोहोचतात. २००५मध्ये परासुरामन, झाइथमल आणि मल्होत्रा यांनी इंटरनेटवरील सेवेसाठी नवी पट्टी तयार केली. कार्यक्षमता, पूर्तता, प्रणालीची उपलब्धता आणि गोपनीयता हे तिचे चार घटक होते. व्यवहार बिघडल्यावर काय होते हे मोजण्यासाठी त्यांनी ११ विधानांची वेगळी जोडपट्टी दिली आणि तिच्यात भरपाई हे परिमाण आले. यंत्राशी व्यवहार करणाऱ्या माणसाला यंत्राकडून आस्था मिळत नाही; त्याला पैसे परत हवे असतात. सिद्धान्ताला हे उमगण्याच्या चौदा वर्षे आधी विलंबाचे व्याज ही शिफारस रिझर्व्ह बँकेच्या दप्तरी होती.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या समित्या ग्राहकसेवेकडे पुन्हापुन्हा वळल्या : २००३-०४मध्ये तारापोर समिती, २०१०-११मध्ये दामोदरन समिती. लोकपाल योजना २००२ व २००६मध्ये सुधारली गेली आणि नोव्हेंबर २०२१मध्ये एकात्मिक योजनेत विलीन झाली. तथापि या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज २० सप्टेंबर २०१९चे एक परिपत्रक आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा झाली तर व्यवहाराच्या दिवसानंतर कमाल पाच दिवसांत ती परत जमा करावी आणि त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये खातेदारास द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. यूपीआयने पाठविलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात न पोहोचल्यास एका दिवसाची मुदत आहे आणि पुढे तोच दर. ही भरपाई खातेदाराने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून जमा करावयाची आहे.

तक्रारीविना भरपाई ही गोष्ट १९७५ किंवा १९९१मध्ये व्यवहारात आणणे जवळजवळ अशक्य होते. कोणत्या खातेदाराचा कोणता धनादेश किती दिवस अडकला, हे शोधण्यासाठी खतावण्या उघडाव्या लागल्या असत्या. आता अयशस्वी व्यवहाराची वेळ, परत जमा झाल्याची वेळ आणि मधले दिवस हे सारे केंद्रीय प्रणालीत आपोआप नोंदले जाते. तळवार व गोईपोरिया यांचे वेळ-रुपयांचे मोजमाप आणि रंगराजन समितीने आणलेले यंत्र या परिपत्रकात एका ओळीत येतात. या नियमानुसार कोणत्या बँकेने, कोणत्या जिल्ह्यात, किती अयशस्वी व्यवहारांची भरपाई खातेदाराने न मागता दिली, आणि किती खातेदारांना ती आपली आहे हे ठाऊकच नव्हते, याचे उत्तर बावीस विधानांच्या प्रश्नावलीतून मिळणारे नाही. ते बँकेच्या नोंदींत आणि खातेदाराच्या पासबुकात आहे, आणि पासबुक खातेदाराच्या संमतीने कोणत्याही महाविद्यालयातील संशोधकाला उघडून पाहता येते.